अळणी वरण

हंसाबाईच्या पायात गोळा आला की ती ओरडायची नाही. हातातलं काम खाली ठेवायची, असेल तिथं बसायची आणि पोटरी दोन्ही हातांनी दाबून धरायची. गोळा कधी पोटरीत, कधी मांडीत, कधी तळपायात. तळपायातला सगळ्यात वाईट. अंगठा आपोआप वर वळायचा आणि बोटं एकमेकांवर चढायची. धावजीला, म्हणजे तिच्या सासऱ्याला, हे सगळं दिसायचं. सासऱ्यानं सुनेकडं टक लावून पाहू नये हे त्यालाही ठाऊक होतं, पण एक खोली, एक चूल, एक शेळी आणि दोन माणसं असल्यावर म्हाताऱ्यानं डोळे ठेवायचे तरी कुठं?

शेळीचं नाव भुरी. ते आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण त्या घरातलं सगळं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. तांड्याची रीतच तशी. सून सासऱ्यासमोर पदर पुढं ओढणार, त्याच्याशी थेट बोलणार नाही, तो जेवत असताना समोर थांबणार नाही. घरात सासू असली, दीर-नणंदा असल्या, की निरोप इकडून तिकडं जातात. धावजीची बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मूल एकच, पूनमसिंग, आणि तो घरी नाही. मग राहिली भुरी. "भुरे, भाकर वाढली हाये," असं हंसाबाई म्हणायची आणि भिंतीआड जायची. "भुरे, आज वावरात जाऊ नको म्हणा तिले, ऊन लई हाये," असं धावजी म्हणायचा. भुरीनं दोघांचंही कधी ऐकलं नाही, पण तिच्यावाचून त्यांचं अडलं असतं.

तांडा आर्णीहून दिग्रसला जाणाऱ्या सडकेपासून कोसभर आत. धावजीच्या बापापर्यंत सगळे लदेणीवाले; बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख पालथा घालणारे. पुढं आगगाडी आली, मोटारी आल्या, बैलांच्या पाठीवरचं ओझं उतरलं आणि माणसं बरड जमिनीत कापसाची पऱ्हाटी लावून बसली. धावजी पोरसवदा असताना बापाबरोबर शेवटच्या दोन खेपा चाललेला होता, आणि त्या दोन खेपा तो आयुष्यभर सांगत आला. तांड्यातली माणसं आता ऐकायचीसुद्धा नाहीत. तो "आमच्या बापाच्या लदेणीत" असं म्हणाला की कुणाची गाय सुटायची, कुणाचं पोर रडायचं.

पूनमसिंग गेला तो नवे पैसे चालू झाले त्या साली. पुसदच्या पलीकडं मराठवाड्यात कुठल्याशा नदीवर धरण बांधायला घेतलं होतं, मुकादम तांड्यात माणसं हेरत आला, आणि त्या वर्षी कापसाला बोंडअळीनं चाटून टाकलेलं. "होळीले येतोच," म्हणून पूनमसिंग गेला. पहिल्या दिवाळीत एक कार्ड आलं, खुशाल आहे म्हणून. आर्णीच्या मास्तरानं वाचून दाखवलं. हंसाबाईनं ते कार्ड पिठाच्या डब्यात ठेवलं, कारण पिठाच्या डब्याला तिचा हात रोज लागायचा. त्यानंतर कार्ड नाही, निरोप नाही. चार होळ्या झाल्या.

पहिली होळी कोरडी गेली तेव्हा हंसाबाई रामनवमीला पोहऱ्याच्या जत्रेत गेली आणि देवीसमोर शपथ घेऊन आली: नवरा परत येऊन माझ्या हातची भाकर खाईपर्यंत मिठाचा खडा जिभेवर ठेवणार नाही. दुसरी एखादी असती तर तिनं गूळ सोडला असता, पायताण सोडलं असतं. पण मिठाच्या गोण्या वाहिलेल्या घराण्याची सून ती. त्या घरात मिठाहून मोठी वस्तू कोणती? सोडायचं तर मोठंच सोडावं, असा तिचा हिशेब. तांड्यातल्या बायकांनी तिला ओवाळलं. धावजीलाही तेव्हा भरून आलं होतं. आपल्या पोरासाठी एवढं करणारी सून मिळाली म्हणून तो तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, ओट्यावर जाऊन मिशीला पीळ देऊन आला. शहाणाच म्हणायचा.

रोज संध्याकाळी ती तीन भाकरी थापायची. एक सासऱ्याची, एक स्वतःची, एक त्याची. त्याची भाकर फडक्यात गुंडाळून शिंक्यात ठेवायची आणि सकाळी भुरीला घालायची. वरण शिजलं की स्वतःच्या वाट्याचं अळणीच एका लहान गाडग्यात काढून घ्यायची, मग उरलेल्यात मीठ टाकायची. दुपारी पऱ्हाट्या उपटताना मधेच कंबर सरळ करून सडकेच्या बाजूला पाहायची. मोटारीचा धुरळा दिसला की तो विरेपर्यंत पाहत राहायची, आणि मग पुढच्या पऱ्हाटीला हात घालायची. धावजी तिच्या मागच्या ओळीत असायचा. तोही तिकडंच पाहत असायचा, फक्त तो डोळ्यावर हात धरायचा नाही, कारण कुणी पाहिलं तर म्हणेल म्हातारा लेकासाठी झुरतो.

गोळे सुरू झाले ते तिसऱ्या उन्हाळ्यात. आधी कधीमधी, मग रोज. चौथ्या वर्षी फाल्गुनात हंसाबाई पहाटे मोहफुलं वेचायला रानात गेली आणि दिवस कासराभर वर आला तरी परतली नाही. शेजारची बिजलीबाई शोधायला गेली, तर ही झाडाखाली आडवी, दोन्ही पोटऱ्या दगड झालेल्या, तोंडात पदराचा बोळा आणि टोपलं अर्धं भरलेलं. बिजलीबाईनं पाठुंगळी मारून आणली. धावजीनं मोहाच्या बियांचं तेल कोमट करून बिजलीबाईच्या हाती दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. आतून हंसाबाईचं कण्हणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं नायकाची बंडी जुंपली आणि सुनेला आर्णीच्या दवाखान्यात नेलं. तिथला कंपौंडर तोंडानं फटकळ. त्यानं पाय दाबून पाहिले, खाण्यापिण्याचं विचारलं, आणि अळणीचं ऐकल्यावर कपाळावर हात मारला.

"उन्हात दिवसभर घाम गाळता अन् मीठ खात नाही? मग पाय दुसरं काय करतील? मीठ खा, पाणी पीत जा, उकिडवं फार वेळ बसू नका. निजायच्या आधी भिंतीला हात टेकून पाय मागं ताणायचे, टाचा भुईला टेकवून. गोळी देऊन काय होणार आहे?"

हे ऐकलं आणि धावजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याच उजेडात तो स्वतःवर चिडला. हे तर त्याला ठाऊक होतं. लदेणीच्या मुक्कामावर त्याचा बाप प्रत्येकाला मीठ घातलेली आंबील प्यायला लावायचा. जो पिणार नाही त्याच्या पेकाटात लाथ. मग बैलावरून उतरवलेल्या गोण्यांना हात टेकवून सगळ्यांना ओळीनं पाय ताणायला लावायचा. "गोळा आल्यावर पाय चोळणं हे येड्याचं काम," बाप म्हणायचा, "गोळा येऊच नाही ते पाहा." हे सगळं तांड्याला चाळीस वर्षं सांगत फिरलेला माणूस, आणि घरातली सून डोळ्यांसमोर अळणी खाताना त्याला एकदाही आठवलं नाही.

बंडी परतीच्या वाटेला लागली. भुरी बरोबर नव्हती, त्यामुळं धावजीला बैलांशी बोलावं लागलं. "बैलहो, देवी काई पाय मोडाले सांगत नाई. तिले म्हणा, थोडं मीठ खाय."

मागून पदराआडून उत्तर आलं, तेही बैलांनाच. "पाय गेले तं जाऊ द्या. शपथ मोडली अन् तिकडं त्याहिले काई झालं, तं मी कोणाच्या तोंडाकडं पाहू?"

धावजीनं बैलांचा कासरा सैल सोडला.

इथवर सगळं सरळ होतं. गाठ बसली ती त्याच आठवड्यात. होळीच्या आदल्या दिवशी धावजी बी-बियाण्याच्या कामानं दिग्रसला गेला होता. तिथं बाजारात त्याला बाबूसिंग भेटला. हा दुसऱ्या तांड्याचा, पूनमसिंगबरोबर धरणाच्या कामावर गेलेला, आईच्या दिवसांसाठी परत आलेला. चहाच्या दुकानामागं नेऊन त्यानं सांगितलं. पूनमसिंग धडधाकट आहे. मुकादम झालाय. धरणावरच एक बाई ठेवलीय त्यानं, खडी वाहणारी, आणि तिच्यापासून एक पोरगा आहे, दीड-दोन वर्षांचा. "आता तो येत नाई, काका," बाबूसिंग म्हणाला. "तुमी वाट पाहू नका. मले म्हणे, बापाले सांगू नको. पण मी सांगतो."

धावजी घरी आला तो चालत. मोटारीत बसावं हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

आता हे हंसाबाईला सांगायचं की नाही? सांगितलं तर शपथ फिटते, ती मीठ खाते, पाय बरे होतात. पण सांगितलं तर ती जाते. तिचा भाऊ महागावकडचा, तरणाताठा, तो येऊन बहिणीला घेऊन जाईल, आणि त्याला कोण अडवणार? ज्या घरात नवरा येणार नाही त्या घरात तिनं राहायचं कशासाठी, म्हाताऱ्याच्या भाकरी थापायला? नाही सांगितलं तर ती राहते, आणि न येणाऱ्या माणसासाठी पायांची लाकडं करून घेते. धावजी आठ दिवस हेच उलटसुलट करत राहिला. अन्नावरची वासना गेली. आणि शेवटी त्यानं काय केलं, तर धडाचं काहीच नाही. पळवाट काढली.

सुनेची रीत होती जेवताना समोर न थांबण्याची. ताट वाढून ती भिंतीआड जायची, आणि तेवढा वेळ चुलीपाशी धावजी आणि दोन्ही भांडी एकटीच असायची. त्यानं आपल्या ताटातलं मीठ घातलेलं वरण तिच्या गाडग्यात ओतलं आणि तिचं अळणी आपल्या ताटात घेतलं. पहिल्या दिवशी निम्मंच. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आठवड्यानं पुरतं. चार वर्षं अळणी खाल्लेल्या जिभेला मिठाची ओळखच राहिली नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. जन्मात कधी चुलीपुढं न बसलेल्या माणसानं काढलेली ही अक्कल. आणि देवीलाही त्यानं परस्पर सांगून टाकलं की शपथ मोडली नाही याडी, माझे आई, खांदा बदलला. तिच्याऐवजी आता मी अळणी खातो.

आणि खरोखर, तीन आठवड्यांत हंसाबाईचे पाय सुधारले. ती दोन हंडे घेऊन विहिरीवरून ताठ येऊ लागली. सकाळी भिंतीला हात टेकून टाचा ताणायची, कंपौंडरनं सांगितलं होतं तसं. पऱ्हाट्या उपटताना आता मागची ओळ तिची असायची, आणि तिच्या झपाट्यानं पुढं ढकलल्यासारखा धावजी. चैत्राच्या उन्हात तिचा चेहरा पूर्वीसारखा तांबूस दिसू लागला. धावजीला वाटलं, जमलं. चार दिवस त्याला बरं झोपसुद्धा लागली.

मग एके दुपारी हंसाबाई काम टाकून सडकेकडं निघाली. कोसभर उन्हात चालत फाट्यावर गेली, दुपारची मोटार येऊन गेली, आणि ती परत आली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बिजलीबाईनं तांडाभर केलं: हंसाचे पाय देवीनं सोडले, म्हणजे पूनमसिंग वाटेला लागला, म्हणून ती त्याला आणायला जाते. बायका येऊन धावजीला हसून सांगू लागल्या, काका, आता दिवाळीआधीच दिवाळी. नायकानं पाठीवर थाप मारली. धावजी कसनुसं हसला. रोज दुपारी त्या सडकेच्या दिशेनं लहान लहान होत जाणारी तिची पाठमोरी आकृती तो वावरातून पाहायचा, आणि त्याला वाटायचं की आपण त्या पोरीला मीठ नाही, विष घातलं. पायातले गोळे काढले आणि त्या जागी आस लावून दिली. आणि आस काही तेल लावून चोळून उतरत नाही.

त्यातच त्याच्या स्वतःच्या पायात गोळे येऊ लागले. येणारच. चैत्राचं ऊन आणि ताटात अळणी. दात खाऊन तो गप्प राहायचा, पण सकाळी उठून दाराबाहेर पडताना लंगडायचा. एकदा हंसाबाईनं भुरीला विचारलं, "भुरे, पायाले काय झालं त्याहिच्या?" धावजीनं भुरीला सांगितलं, "काटा मोडला."

ती फाट्यावर जाऊ लागल्याच्या बाविसाव्या की तेविसाव्या दिवशी त्याला सहन होईना. सकाळची वेळ, हंसाबाई आत दळत होती. धावजी दारातल्या खुंट्यापाशी बसला, भुरीची मान हातात धरली आणि एका दमात बोलून गेला.

"भुरे, सांग तिले. तिच्या गाडग्यात मी माह्या ताटातलं मिठाचं वरण टाकून राह्यलो. होळीनंतरपासून. पाय बरे झाले ते मिठानं, देवीनं नाई. फाट्यावर जाऊ नको म्हणा. पाप सारं माह्या डोक्यावर."

जातं थांबलं. मग हंसाबाईचा आवाज आला, अगदी शांत.

"भुरे, त्याहिले सांग, मले पयल्याच घासाले समजलं. चार वर्साच्या उपाशी जिभेले मीठ समजत नाई का?"

धावजीच्या हातातली मान सुटली. "मंग खाल्लं काहून?"

"खाल्लं, कारण मले त्याच्यातून उत्तर भेटलं." तिचा आवाज जवळ आला होता. "भुरे, सुनेच्या शपथेसाठी ज्या माणसानं तांडाभर मिशी पिळली, तो माणूस आपल्या हातानं ते शपथ मोडन का? लेक येणार असता तं मोडली नसती. त्याहिले काईतरी समजलं, दिग्रसले समजलं, हे मी त्याच दिवशी ओयखलं. ते सांगत नाईत, अन् मले इचारता येत नाई. म्हणून पाय चालू झाल्यापासून मी फाट्यावर जातो. पुसदकडून येणाऱ्या सार्‍या मोटारीच्या ड्रायव्हरले, किलिन्नरले इचारतो, का बाबा, धरणावर कोणी मेलं का."

आणि मग ती बाहेर आली. भुरीकडं तिनं पाहिलंच नाही. पदर कपाळावरून मागं सरकलेला, हातांवर पीठ, आणि दंडापर्यंत चढवलेला चुडा तिनं सासऱ्यापुढं धरला.

"मामा, एवढं सांगा. हा ठेवू का उतरवू? दीड महिना झाला, मले समजून नाई राह्यलं."

चौदा वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. धावजीला काय काय वाटलं होतं, ती झिंगली आहे, आशेला लागली आहे, आणि ही पोर तिकडं रोज उन्हात उभी राहून नवऱ्याच्या मरणाची बातमी मागत होती. त्यानं फक्त मान हलवली, आणि मग ती चुकीची समजली जाईल म्हणून घाईनं म्हणाला, "ठेव. ठेव, बाई. जिता हाये."

हंसाबाईनं चुड्यावर दुसरा हात घट्ट धरला. "जिते हायेत," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून धावजीला पुढचं बोलावंसं वाटेना, पण आता अर्ध्यावर थांबणं म्हणजे पुन्हा तेच पाप. त्यानं सांगितलं. बाई सांगितली, पोरगा सांगितला, बाबूसिंग जे जे बोलला ते सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडं पाहत होता, रीत गेली चुलीत. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तरी त्यातलं ते जिवंतपणाचं समाधान पुरतं गेलं नाही. दोन्ही एकाच वेळी तिथं होतं.

"धडधाकट हायेत?"

"हो म्हणे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग तोंडात पदर घालून रडली. मोहाच्या झाडाखाली गोळे आले तेव्हा रडली नव्हती तेवढी रडली. धावजीही रडला, पण तो तोंड फिरवून.

त्या दिवशी तिनं वरण एकाच भांड्यात केलं, त्यात मीठ घातलं, आणि ताट वाढून समोरच बसून राहिली. "माह्यासमोर खा," ती म्हणाली. "तुमच्या पायात काटा हाये म्हणे. मी काय आंधळी हाये?" धावजीनं खाल्लं. दोन-तीन दिवस ती त्याला अशीच समोर बसून खायला लावायची, पाण्याचा तांब्या संपवायला लावायची, निजण्याआधी भिंतीला हात टेकवून उभं करायची. "टाचा भुईले लावा. लदेणीचं सांगता अन् टाचा उचलता." बोलायला एकदा तोंड मोकळं झालं तर तिच्याकडं चौदा वर्षांचं साचलेलं होतं. लग्नात पूनमसिंगनं घोड्यावरून पडून दाखवलं होतं ते तिनं सांगितलं. तो झोपेत गाणं म्हणायचा ते सांगितलं. धावजीनं तो लहानपणी बैलाच्या शेपटीला लोंबकळायचा ते सांगितलं. एका माणसाची दोघांनी वेगवेगळी पाहिलेली वाट, आता दोघं मिळून पाहू लागले, आणि आता तर तो येणार नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. धावजीला वाटलं, हेच असं चालेल. असंच राहील.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मी जातो, मामा. एकडाव डोळ्यानं पाहून येतो. भांडाले नाई. मंग भावाकडं जाईन."

"पाहून काय करशीन?"

"काई नाई. चार वर्स वाट पाह्यली, तं पाहाव लागन ना."

धावजी तिला पोचवायला फाट्यापर्यंत निघाला. येऊ नका म्हणाली, ऐकलं नाही. गाठोडं त्यानंच घेतलं. निम्म्या वाटेवर, सडक नजरेच्या टप्प्यात आलेली, मोटारीचा धुरळा आर्णीच्या बाजूनं दिसू लागलेला, आणि म्हाताऱ्याच्या पोटरीत गोळा चढला. असा चढला की गाठोडं एकीकडं आणि तो एकीकडं. हंसाबाई भुईवर बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला, एका हातानं टाच धरली आणि दुसऱ्या हातानं पायाची बोटं त्याच्या नडगीकडं ओढली. सुनेनं सासऱ्याचा पाय असा भर रस्त्यात मांडीवर घेतलेला तांड्यातल्या कुणी पाहिला असता तर वर्षभर बोलले असते.

"सोड, मोटार जाईन तुही," धावजी कळवळत म्हणाला.

"जाऊ द्या. ढिला सोडा पाय."

मोटार आली, फाट्यावर क्षणभर थांबली, आणि गेली. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. गोळा हळूहळू विरघळला, तरी ती पाय चोळत राहिली. आणि धावजीच्या मनात, नको म्हणत असतानाही, एक गोष्ट उगवली: गेली मोटार. आज गेली, उद्याही जाईल. देवीलाच नको असेल तिनं जाणं. तिनं गाठोडं उचललं की आपण दोघं घराकडं वळू, आणि संध्याकाळी ती ओरडेल, टाचा भुईला लावा म्हणून.

तिनं गाठोडं उचललं आणि त्याला हाताला धरून फाट्यावर नेलं. तिथं लिंबाच्या सावलीत दोघं बसून राहिले. तिनं कमरेची पाण्याची तुंबडी त्याला प्यायला लावली. म्हणाली, बिजलीबाईला सांगून ठेवलंय, ती भाकर देईल, वरण चाखून पाहत जा. म्हणाली, उन्हाचं दोन प्रहरी वावरात थांबू नका. तिसऱ्या प्रहरी पुसदकडं जाणारी दुसरी मोटार आली, आणि ती त्यात चढली.

कंडक्टरनं दार लावलं. ती खिडकीपाशी बसली होती. धावजी लंगडत खिडकीपर्यंत गेला. त्याला म्हणायचं होतं, सांभाळून जा. म्हणायचं होतं, परत ये, हे घर तुझं आहे. म्हणायचं होतं, त्या नालायकाच्या तोंडावर थुंकून ये. सगळी वाट तो हेच जुळवत आला होता. तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर पडलं.

"हंसा, त्या पोराचं नाव काय ठेवलं, इचारून ये."

बोलला आणि जागच्या जागी मेल्यासारखा झाला. ज्या बाईची कूस रिकामी, जिचा नवरा दुसरीकडं, तिला आपण हे सांगितलं. पण दोन महिने त्याच्या मनात तेवढंच घोळत होतं. बाबूसिंगला विचारायचं राहून गेलं म्हणून तो झोपेत उठून बसत होता. त्यानं खिडकीचा गज धरला, आणि त्याला मान वर करवेना.

मोटार गुरगुरू लागली. हंसाबाईनं गजावरचा त्याचा हात आपल्या हातानं सोडवला, चाकाखाली येईल म्हणून त्याला मागं सरकायला लावलं.

"इचारतो," ती म्हणाली. "अन् त्या पोराले तुमचं नाव सांगतो."